त्या दिवशी ते बरोबरच होतं

“ताई, यंदा सगळ्यांचं दंडव्याज माफ केलंय का?”

२००३ सालच्या मार्चअखेरीला, रात्री साडेनऊच्या सुमारास, अण्णांनी मला हे विचारलं. सांगलीजवळच्या एका पतसंस्थेचे ते जुने हिशेबनीस. संगणक येऊन तीन वर्षं झाली तरी तेरीज ते हातानेच जुळवून बघत. त्यांच्या वहीत एकेचाळीस थकबाकीदारांपुढे दंडव्याजाचे आकडे होते आणि संगणकाने काढलेल्या यादीत त्याच एकेचाळीस जणांपुढे शून्य.

त्या पतसंस्थेसाठी मी एक छोटी संगणकभाषा तयार केली होती. कर्जाचे नियम वरचेवर बदलत. दर वेळी मला बोलवण्यापेक्षा तिथल्या कारकुनालाच ते लिहिता यावेत, एवढाच तिचा हेतू. थकबाकी गुणिले दर, भागिले शंभर, अशा धाटणीच्या ओळी. शब्द मराठी, अक्षरं इंग्रजी. एका ओळीत ‘दंडव्याज’ टाइप करताना कारकुनाने ‘ड’नंतर इंग्रजी ‘ए’ घातला, पुढच्या ओळीत घातला नाही. माणसाला दोन्ही एकच. माझ्या भाषेला मात्र ती दोन वेगळी नावं वाटली, आणि दुसरं नाव पूर्वी कधी आलेलं नसल्यामुळे तिने त्याची किंमत शून्य धरली. ती थांबली नाही, काही कुरकुरही केली नाही. तसं मीच ठरवलं होतं. वापरायच्या नावांची यादी आधी द्यायला लावणं त्या बिचाऱ्या कारकुनाला जाचक होईल, असं मला वाटलं होतं.

रात्री एकपर्यंत बसून आम्ही यादी नव्याने काढली. अण्णा एकेक आकडा मोठ्याने वाचत होते, मी पडद्यावर बघून ‘बरोबर’ म्हणत होते.

मी तेव्हा एका इंजिनिअरिंग कॉलेजात ‘प्रोग्रामिंग भाषांची तत्त्वं’ हा विषय शिकवत होते, आजही शिकवते. त्यातलं पहिलं प्रकरण इतिहासाचं. ते आम्ही दोन तासांत उरकायचो, कारण परीक्षेत त्यावर फार तर ‘टीप लिहा, गुण ४’. फोर्ट्रान १९५७, कोबोल १९५९, अल्गॉल १९६०, अशी सनावळी. माझ्या हातून झालेली चूक त्या सनावळीतल्या पहिल्याच नावाखाली लिहिलेली होती. ती मी वर्गात दरवर्षी सांगत होते. मला ती पाठ होती, कळलेली नव्हती.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी फोर्ट्रान पुन्हा वाचायला घेतली, या वेळी सनावळी बाजूला ठेवून. आयबीएममध्ये जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही भाषा आयबीएम ७०४ या यंत्रासाठी तयार केली. तिच्यात नावं आधी जाहीर करावी लागत नसत. नाव आय ते एन यांपैकी अक्षराने सुरू झालं तर ती पूर्णांक संख्या, नाहीतर दशांश अपूर्णांक. गणितात मोजणीसाठी आय, जे, एन ही अक्षरं वापरायची रूढी आहेच, ती त्यांनी उचलली. त्या काळी प्रोग्रामची प्रत्येक ओळ म्हणजे छिद्रं पाडलेलं एक पुठ्ठ्याचं कार्ड, ऐंशी रकान्यांचं. ज्या ओळी लिहाव्या लागत नाहीत, तेवढी कार्डं वाचतात. शिवाय मोकळ्या जागांना त्या भाषेत अर्थच नव्हता. हाताने लिहिलेल्या कागदावरून दुसरंच कोणीतरी कार्डं पंच करणार, त्याने मोकळ्या जागा मोजत बसावं ही अपेक्षा कशाला?

दोन्ही निर्णय वेगवेगळे पाहिले तर समंजस वाटतात. आता ते एकत्र आले की काय होतं ते पाहा. फोर्ट्रानमध्ये ‘डू १० आय = १,१०’ म्हणजे ‘खालचं काम दहा वेळा कर’. स्वल्पविरामाच्या जागी चुकून टिंब पडलं, ‘१.१०’ झालं, तर? मोकळ्या जागांना अर्थ नाही, म्हणून ‘डू१०आय’ हा सलग शब्द एक नाव ठरतो. नाव जाहीर करायची गरज नाही, म्हणून ते नाव चालतं. आणि त्याची किंमत १.१० होते. दहा वेळा करायचं काम एकदाच होतं आणि यंत्र मुकाट पुढे जातं. अमेरिकेच्या ‘मर्क्युरी’ अंतराळ मोहिमेच्या आकडेमोडीत नेमकी ही चूक सापडली होती, सुदैवाने नुकसान होण्याआधी. १९६२ साली उड्डाणानंतर लगेच नष्ट करावं लागलेलं ‘मरिनर १’ यान याच टिंबाने गेलं अशी गोष्ट पुस्तकांतून सांगतात. ती खरी नाही, त्या अपघाताचं कारण वेगळं होतं.

बॅकस यांनी पुढे सांगितलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. भाषा कशी असावी हा प्रश्न त्यांच्या गटाला अवघड वाटतच नव्हता. हाताने लिहिलेल्या यंत्रसंकेताइतका वेगवान प्रोग्राम भाषांतरकाला (कंपायलरला) तयार करता येईल का, ही त्यांची खरी चिंता. तसं झालं नसतं तर कोणी फोर्ट्रानला हात लावला नसता. सगळी बुद्धी तिथे खर्च झाली आणि ती कारणी लागली. नावांचे नियम जाता जाता ठरले. ‘जाहीर न केलेलं नाव चालणार नाही’ असं बजावण्याची अधिकृत सोय भाषेत आली ती ‘फोर्ट्रान ९०’ या आवृत्तीत.

मधल्या काळात बाकीच्यांनी फोर्ट्रानचा हा धडा वाचला नव्हता का? अल्गॉल ६० मध्ये तर नावं जाहीर करणं सक्तीचंच होतं. तरी १९९५ साली ब्रेंडन आईक यांनी जावास्क्रिप्ट दहा दिवसांत उभी केली, तेव्हा जाहीर न केलेल्या नावाला किंमत दिली की ते मुकाट्याने तयार व्हायचं. ते बंद करण्याचा मार्ग २००९ मध्ये आला, तोही कसा? प्रोग्रामच्या सुरुवातीला अवतरणचिन्हांत ‘कडक नियम वापरा’ अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द लिहायचे. अवतरणात का, तर जुन्या ब्राउझरला तो नुसता मजकूर वाटावा आणि त्याने तो सोडून द्यावा म्हणून.

तेव्हापासून मी भाषांचा इतिहास एकच प्रश्न घेऊन वाचते. हा निर्णय ज्या दिवशी घेतला, त्या दिवशी तो बरोबर का वाटला? कुठलं यंत्र समोर होतं, वापरणारा कोण होता, कशाची घाई होती? नुसती चूक पाठ केली तर ती आपल्या हातून वेगळ्या वेशात पुन्हा होते. मला कार्डं वाचवायची नव्हती, कारकुनाचे कष्ट वाचवायचे होते. वेश बदलला होता, म्हणून मला ती ओळखू आली नाही.

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण सी या भाषेत आहे. ते मी फळ्यावर सावकाश मांडते, इथेही मांडते.

शाळेत आपण ‘कंचेभागुबेव’ शिकतो. २ + ३ × ४ म्हणजे १४, कारण गुणाकार बेरजेच्या आधी. प्रत्येक संगणकभाषेला असा स्वतःचा कंचेभागुबेव असतो. सी मध्ये & हे चिन्ह दोन संख्यांची द्विमान पद्धतीतली घरं एकावर एक ठेवून बघतं. समजा एका संख्येत होय-नाहीच्या खुणा साठवल्या आहेत, एकेका घरात एकेक, आणि तिसऱ्या घरात खूण आहे का ते बघायचंय. तिसऱ्या घराची किंमत ४. मुलं सरळ लिहितात: खुणा & ४ == ४. दोन बरोबरची चिन्हं म्हणजे ‘सारखं आहे का’ हा प्रश्न. वाचायला अगदी ठीक. पण सी मध्ये == आधी आणि & नंतर. म्हणून यंत्र आधी ‘४ आणि ४ सारखे आहेत का’ बघतं, उत्तर ‘होय’ म्हणजे १, आणि मग ‘खुणा & १’ तपासतं. तिसऱ्या दाराचं कुलूप बघून ये म्हणून सांगितलेला माणूस पहिल्या दाराचं बघून येतो. आणि ‘बघितलं’ असं ठामपणे सांगतो.

टर्बो सीच्या त्या निळ्या पडद्यासमोर दरवर्षी निदान पाच-सहा मुलं यात अडकायची. मी सांगायचे, कंस घाला. का घालायचा ते मलाही ठाऊक नव्हतं.

कारण असं. सी आली बी या भाषेतून. बी केन थॉम्पसन यांची, सी डेनिस रिची यांची, दोघेही बेल प्रयोगशाळेतले. बी मध्ये & एकटंच दोन कामं करायचं. घरं जुळवून बघायचंही, आणि ‘हे खरं आणि तेही खरं’ यातला ‘आणि’सुद्धा. ‘अ == ब & क == ड’ अशी ओळ सर्रास लिहिली जाई, आणि तिथे == आधी असणंच योग्य. पुढे ‘आणि’साठी && हे वेगळं चिन्ह आलं. & मोकळं झालं. त्याच दिवशी त्याची पायरी वर सरकवायला हवी होती. रिची यांनी नंतर स्वतःच सांगितलं की ती सरकवली नाही, कारण जुन्या ओळी बिघडल्या असत्या. किती जुन्या ओळी? काहीशे किलोबाइट प्रोग्राम, आणि भाषा बसवलेली ठिकाणं तीन.

तीन ठिकाणं! आज सी जगातल्या बहुतेक प्रत्येक यंत्रात कुठे ना कुठे आहे, आणि सी++, जावा, सी शार्प, जावास्क्रिप्ट यांनी तीच उतरंड वारशाने घेतली, कारण सी येणाऱ्याला त्या ओळखीच्या वाटायला हव्या होत्या. पायथॉन, गो आणि रस्ट यांनी मात्र & वर नेलं. ज्यांनी कारण वाचलं त्यांना कळलं की ती तडजोड तीन ठिकाणांसाठी होती, ती आपण पाळायची गरज नाही.

याच प्रयोगशाळेतल्या स्टुअर्ट फेल्डमन यांच्या ‘मेक’ या साधनाची कथा याला जुळी आहे. १९७६ सालची. त्यात आज्ञेची ओळ टॅबने सुरू व्हावी लागते. टॅबऐवजी स्पेस पडल्या तर डोळ्यांना फरक दिसत नाही, मेक मात्र अडून बसतं. ते बदलावं असं फेल्डमन यांना वाटेपर्यंत डझनभर माणसं ते वापरू लागली होती, बरीचशी मित्रमंडळी. त्यांना त्रास नको म्हणून टॅब राहिली, ती आजतागायत.

या दोन्ही माणसांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. समोरच्या टेबलावरच्या मित्राचं काम बिघडवायचं की अजून न जन्मलेल्या कोट्यवधींची सोय बघायची, यात कोणीही मित्राचीच बाजू घेईल. पण भाषा रचणाऱ्याने हे माहीत असून निवडावं.

त्या दिवशी बरोबर वाटलेला आणखी एक निर्णय मी जवळून पाहिला होता. मी शिकवायला लागण्याआधी दोन वर्षं मुंबईत वाय टू केचं काम केलं, कोबोलमध्ये. साल लिहायला दोनच अंक ठेवल्यामुळे दोन हजार साली काय होईल ही सगळ्यांची भीती, ती तर सर्वांना ठाऊक आहे. मला आठवतो तो पूर्णविराम. कोबोल इंग्रजी वाक्यांसारखी वाचता यावी, व्यवस्थापकालाही कळावी, हा १९५९ च्या समितीचा आग्रह होता. वाक्य म्हटलं की शेवटी पूर्णविराम आलाच. जुन्या कोबोलमध्ये ‘जर अमुक असेल तर’ने सुरू झालेली अट पूर्णविरामाला संपते. मधल्या एखाद्या ओळीला सवयीने टिंब दिलं की त्यापुढच्या ओळी अटीबाहेर पडतात आणि सगळ्यांना लागू होतात. आमच्या गटात एक ज्येष्ठ बाई होत्या. त्या छापील लिस्टिंगवर प्रत्येक पूर्णविरामाभोवती लाल पेन्सिलीने गोल काढत, मगच प्रोग्राम वाचायला घेत. अट कुठे संपली ते शब्दांत सांगण्याची सोय १९८५ च्या कोबोलमध्ये आली. पण आम्ही वाचत होतो ते प्रोग्राम त्याआधीचे होते.

भाषा चुकतात कुठे ते कळलं, आता एखादा निर्णय नेमका जुळतो कसा? त्यासाठी पोलंडमधल्या याब्वोना गावी जावं लागेल. वर्ष १९७८. अ‍ॅमस्टरडॅमच्या, नंतर सीडब्ल्यूआय नाव मिळालेल्या गणितसंस्थेत लाम्बर्ट मेर्टेन्स आणि सहकारी नवशिक्यांसाठी एक भाषा घडवत होते, पुढे तिचं नाव एबीसी झालं. याब्वोनातल्या एका जुन्या वाड्यात मेर्टेन्स, रॉबर्ट डिवार, जॅक श्वार्ट्झ आणि पीटर किंग बसले होते. समोर बबल सॉर्टचे, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावण्याच्या कृतीचे, वेगवेगळ्या मांडणीतले नमुने. कुठली मांडणी सोपी यावर एकमत होईना. तेव्हा डिवार यांच्या पत्नीला खोलीतून बोलावलं. पहिला नमुना त्यांना समजावून सांगितल्यावर त्यांचा मुद्दा असा निघाला की ‘इतक्या वेळा कर’ ही वरची ओळ खालच्या सगळ्या ओळींसाठी आहे, हे कळतच नाही. ते आधी सांगायला हवं. म्हणून त्या ओळीच्या शेवटी अपूर्णविराम आला, दोन टिंबं. ‘पुढे ऐका’ असं सांगणारी.

यंत्राला त्या दोन टिंबांची काही गरज नव्हती. ती माणसासाठी आली.

एबीसी चालली नाही. ती स्वतःच्या कोशात बंद होती. बाहेरच्या फाइल वाचायची सोय नाही, नवी भर घालायला वाव नाही, शब्दही जगावेगळे. त्या गटात काम केलेल्या खिडो व्हान रोसम यांनी डिसेंबर १९८९ मध्ये पायथॉन लिहायला घेतली, तेव्हा त्यांनी एबीसी टाकूनही दिली नाही आणि डोक्यावरही घेतली नाही. समासाची शिस्त ठेवली, दोन टिंबं ठेवली आणि कोशाची भिंत पाडली. एबीसीत अपूर्णांक अचूक साठवत, आणि त्यामुळे साधा हिशेबही कधी कधी अतोनात रेंगाळे, तेही त्यांनी सोडलं. आज आठवी-नववीतलं पोर पायथॉनच्या ओळीशेवटी दोन टिंबं देतं, तेव्हा ते याब्वोनातल्या त्या बाईंचा शब्द पाळत असतं. मला ही गोष्ट वर्गात सांगताना दरवर्षी भरून येतं.

तरीही एक धागा निसटला. पूर्णांकांचा भागाकार व्हान रोसम यांनी सी सारखा ठेवला. ७ भागिले २, उत्तर ३, उरलेलं गायब. सी मध्ये त्याला यंत्राचं कारण होतं. नवशिक्यांच्या भाषेत ते कारण उरलेलं नव्हतं. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथॉन ३ ने ते आणि बरंच काही दुरुस्त केलं. जुन्या पायथॉन २ ला शेवटचा निरोप जानेवारी २०२० मध्ये दिला गेला. अकरा वर्षं दोन पायथॉन शेजारी शेजारी नांदवावे लागले. दुरुस्ती उशिरा केली की हा खर्च येतो.

उशिरा उमगलेल्या चुकांत संगणकशास्त्रज्ञ टोनी होर यांचंही नाव घ्यायला हवं. १९६५ मध्ये अल्गॉल डब्ल्यू रचताना त्यांनी ‘कशाकडेच न दाखवणारा निर्देश’ भाषेत घातला, कारण तो घालणं फार सोपं होतं. २००९ मध्ये लंडनच्या व्यासपीठावर त्यांनी त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं आणि माफी मागितली. इतक्या मोठ्या माणसाने हे उघड सांगितल्यामुळेच पुढच्या भाषांना त्यातून वाट काढणं सोपं गेलं, असं मी मानते.

मुलं विचारतात, मग भाषांच्या या इतिहासात आपल्या पाणिनीचं काय? अल्गॉलचं व्याकरण मांडायला बॅकस यांनी जी पद्धत काढली आणि पीटर नॉर यांनी जी वापरली, तिचं पाणिनीच्या सूत्रांशी साम्य आहे, आणि तिला पाणिनी-बॅकस पद्धत म्हणावं असं इंगरमन नावाच्या अभ्यासकाने १९६७ मध्ये सुचवलंही होतं. हे अभिमानाने सांगावं. पण बॅकस यांनी ती पाणिनीकडून घेतली असं सांगू नये.

आता माझ्या वर्गात गट करून छोटी भाषा रचायची असते. एकच अट. भाषेत कुठलीही सोय घालण्याआधी अर्धं पान लिहायचं: ही पूर्वी कोणत्या भाषेत होती, तेव्हा ती का बरोबर वाटली, ते कारण आज तुमच्याकडे आहे का. गेल्या वर्षी एका गटाने शेतीच्या पाणीवाटपाची भाषा केली आणि ‘नाव जाहीर करणं ऐच्छिक’ असं ठेवलं. अर्ध्या पानात कारण लिहिलं होतं: ‘वापरणाऱ्याला त्रास नको.’ मी त्यांना मार्चअखेरीची गोष्ट सांगितली.

त्यातली एक मुलगी मागे थांबली. “मॅडम, त्या रात्रीनंतर तुम्ही ते शून्य काढून टाकलंत ना?”

नव्हतं काढलं. काढायला बसले तेव्हा दिसलं की सवलतीचा नियम त्या शून्यावरच उभा आहे. ज्याला सवलत नाही त्याच्यासाठी कारकून ते नावच लिहीत नसे. शून्य काढलं असतं तर तो नियम बंद पडला असता. म्हणून मी फक्त अनोळखी नावांची एक यादी रोज छापून येईल असं केलं. ती अण्णा वाचायचे. ते निवृत्त झाल्यावर कोणी वाचत नसे. पतसंस्थेने नवं सॉफ्टवेअर घेईपर्यंत ते शून्य तिथेच होतं.

“तेव्हा नियम किती होते एकूण?”

आठवेना. दुसऱ्या दिवशी घरच्या कपाटातून जुनी वही काढून नेली. फळ्यावर तासाच्या सुरुवातीला मी ‘सी – तीन ठिकाणं’ आणि ‘मेक – डझनभर माणसं’ असं लिहिलेलं होतं. वहीतलं पान बघून तिने खडू घेतला आणि त्याखाली लिहिलं, ‘मॅडम – एक शाखा, सव्वीस नियम’.